शिक्षा देणाऱ्यानं सोबत भोगायची

शिस्तमंत्री व्हायला आमच्या शाळेत कुणी तयार नसायचं. मुख्यमंत्रिपदासाठी चुरशीनं मतदान व्हायचं, क्रीडामंत्रिपदासाठी तर भांडणं व्हायची, पण शिस्तमंत्री म्हटलं की सगळे वर्गाच्या छताकडे बघायला लागायचे. त्याला कारण होतं. आमच्या शाळेचा जुना दंडक होता की विद्यार्थ्यांच्या मंत्रिमंडळातला जो कुणी शिक्षा देईल, त्यानं ती शिक्षा चुकणाऱ्याच्या सोबतीनं भोगायची. एखाद्याला मैदानाला फेऱ्या मारायला सांगितल्या की आपणही पळायचं. झाडांना पाणी घालायला लावलं की आपणही बादली उचलायची. हे कुणी सुरू केलं ते आम्हाला माहीत नव्हतं. पहिल्या हेडमास्तरांनी, असं सगळे म्हणायचे, आणि ते हेडमास्तर आम्ही फक्त कार्यालयातल्या फोटोत पाहिले होते.

दहावीत ते पद माझ्या गळ्यात पडलं. खरं सांगायचं तर मी ते मागून घेतलं. मला राग लवकर यायचा आणि अंगात रग होती, त्यामुळे शिक्षा द्यायलाही मजा यायची आणि भोगायलाही फारसं काही वाटायचं नाही. त्या वर्षी मी इतक्या बादल्या उचलल्या की थाळीफेकीत माझा हात भलताच सुधारला. खेळाचे सर म्हणायचे, हिला सराव नको, हिला रोज दोन खोडकर पोरं द्या.

शाळा कराडच्या बाहेर, नदीच्या अंगाला होती. नव्वदनंतरची ती पहिली वर्षं. आसपासच्या गावांतली पोरं सायकलीवरून यायची आणि लांबची आमच्यासारखी वसतिगृहात राहायची. मंत्रिमंडळाची बैठक आठवड्यातून एकदा, शाळा सुटल्यावर सुतारकामाच्या खोलीत भरायची. लाकडाच्या भुश्शाचा वास, बसायला ओंडके, आणि शिक्षक कुणीही नाही. बैठकीत शिक्षकांनी यायचं नाही हाही दंडकच.

आमचा मुख्यमंत्री विट्याकडचा. शांत, हसतमुख, कुणाशी कधी वाकडं न बोलणारा. तो आमच्याच समाजातला, म्हणजे बौद्ध. आरोग्यमंत्री उंब्रजच्या एका किराणा दुकानदाराची मुलगी. ती मोजकं बोलायची, पण बोलली की गिऱ्हाइकाला सुट्टे पैसे परत दिल्यासारखं चोख. आणि क्रीडामंत्री जवळच्याच एका गावातला, बागायतदाराच्या घरचा. वडील फौजेत, घरी ऊस, दारात ट्रॅक्टर. गणितात त्याचा आनंदीआनंद होता, पण पळायला लागला की बघत राहावं. मुख्यमंत्री आणि तो वसतिगृहात एकाच खोलीत राहायचे. एकाचा शर्ट दुसऱ्याच्या अंगावर दिसायचा, आणि कुणाचा कुठला ते त्या दोघांनाही सांगता यायचं नाही.

आता शनिवारबद्दल सांगायला हवं. आमच्या शाळेत संडास धुवायला शिपाई नव्हता. शनिवारी सकाळची शाळा सुटली की मंत्रिमंडळातला एक जण पाळीनं मागच्या भिंतीकडची संडासांची रांग धुवायचा. इतर कामं इतर मुलं करायची, पण हे काम फक्त मंत्र्यांचं. जो पुढारी होईल त्यानं सगळ्यात खालचं काम आधी करायचं, आणि स्वतःच्या हातानं. प्रवेश घेतानाच हे पालकांना सांगितलं जायचं. काही पालक तिथूनच मागे फिरायचे.

हे काम आमच्या घरात मोठ्या कौतुकाचा विषय होता. माझा आजा गावकीची कामं करायचा. मेलेली ढोरं ओढायची, दवंडी द्यायची, आणि वर शिळं वाढून घ्यायचं. छप्पन्नच्या धर्मांतरानंतर त्यानं ते सगळं एका दिवसात सोडलं, आणि त्यापायी गावात पुष्कळ सोसलं. त्यामुळे कराडच्या शाळेत पाटलांची पोरं पाळीनं संडास धुतात, हे मी सुट्टीत घरी सांगितलं तेव्हा आजीनं ते मला पुन्हा पुन्हा सांगायला लावलं होतं.

त्या वर्षी विभागीय क्रीडा स्पर्धा सांगलीला होत्या. सातारा जिल्ह्यातून आमच्या शाळेचे दोघंच निवडले गेले होते, पळण्यात क्रीडामंत्री आणि थाळीफेकीत मी. माझं जाऊ द्या, मी हौशी होते. त्याचं तसं नव्हतं. तिथून राज्याच्या संघात निवड झाली असती तर पुढे खेळाडू म्हणून फौजेत जायची वाट त्याला मोकळी होती. गणितानं दहावीला दगा दिला असता तरी पळण्यानं त्याला तारून नेलं असतं. सांगली हुकली की मग ऊस आणि ट्रॅक्टर. हे तो स्वतःच सगळ्यांना सांगायचा.

एका शनिवारी मी मागच्या भिंतीकडे गेले, तर मुख्यमंत्री पँट गुडघ्यापर्यंत दुमडून खराटा मारत होता.

"आज तुझी पाळी हाय?" मी विचारलं.

"व्हय," तो म्हणाला, पण माझ्याकडे न बघता.

मागच्या शनिवारीही तोच ओल्या पँटीनं जेवायला आलेला मला आठवलं. मी मैदानाकडे पाहिलं. तिथं क्रीडामंत्री सरावाला पळत होता, छान ऐटीत, छाती काढून. मुख्यमंत्र्याला खोटं बोलता येत नव्हतं. मी जरा आवाज चढवल्यावर त्यानं सांगून टाकलं. मागची पाळी ह्याची स्वतःची होती, आजची क्रीडामंत्र्याची, पण सांगली जवळ आली होती, सराव बुडत होता, म्हणून ह्यानं आपण होऊनच काम अंगावर घेतलं होतं. सहामाहीपासून हेच चाललं होतं.

माझ्या डोक्यात सणक गेली. बाकी कुणी कुणाची पाळी घेतली असती तर मी दोघांना झाडांना पाणी घालायला लावून मोकळी झाले असते. पण बागायतदाराचं पोरगं मोकळ्या हवेत पळतंय आणि आमच्यातलं पोरगं त्याचा संडास धुतंय, हे मला दिसलं आणि दुसरं काही दिसेना. जी एक गोष्ट आजी माझ्याकडून पुन्हा पुन्हा वदवून घ्यायची, तीच गोष्ट ह्या दोघांनी हसत खेळत मोडून टाकली होती.

त्या आठवड्याच्या बैठकीत मी उभी राहिले. काय घडलं ते सांगितलं, पण मला जे दिसलं होतं ते मात्र बोलले नाही. ते तोंडातून निघेना. नुसतं म्हणाले, "क्रीडामंत्र्यानं स्वतःचं काम दुसऱ्याच्या हातानं करून घेतलंय. शिक्षा म्हणून त्यानं सांगलीला जायचं न्हाई."

शिक्षा मी दिली होती, म्हणजे माझीही सांगली गेली, हे सगळ्यांच्या एकदमच लक्षात आलं. माझ्या सगळ्यात शेवटी. आता मागे हटायचं म्हणजे नाक कापून घेण्यासारखं होतं, म्हणून मी मान ताठ ठेवून ओंडक्यावर बसले.

क्रीडामंत्री पांढराफटक पडला. मुख्यमंत्री एकदम म्हणाला, "मीच तर केलं. त्यानं मागितलं पण नव्हतं. मला कायबी वाटलं न्हाई त्याचं, दोस्ताचं काम होतं."

"तुला वाटलं न्हाई, हेच तर," मी म्हणाले. तो माझ्याकडे बघत राहिला. त्याला कळलं होतं. त्यानं मान खाली घातली आणि बैठक तशीच मोडली.

पुढचे दोन दिवस वाईट गेले. शिस्तमंत्र्याचा शब्द शिस्तमंत्र्यालाच मागे घेता यायचा, दुसऱ्या कुणाला नाही. त्यामुळे सगळे माझ्याशी जपून बोलत होते. खेळाच्या सरांनी थाळी कपाटात ठेवून दिली. मी बरोबर आहे असं मी स्वतःला सांगत होते, आणि बरोबर असूनही इतकं वाईट का वाटतंय ते मला समजत नव्हतं.

मग क्रीडामंत्री मला पाण्याच्या टाकीजवळ गाठायला आला. मला वाटलं, भांडायला आलाय. मी तयारच होते.

"एवढा राग कशाचा ते सांग," तो म्हणाला. "मी चुकलो, मान्य हाय. पण त्याची पाळी असती तर मी पण केलंच असतं की. पाळी चुकवल्याबद्दल तू आजवर कुणालाच असली शिक्षा दिली न्हाईस."

"तू केलं असतंस?"

"का न्हाई करणार?"

"आणि सारं गाव बघत असतं तर?"

तो पायानं माती उकरायला लागला. मग मी सांगितलं. आज्याचं सांगितलं, गावकीचं सांगितलं, आणि शनिवारी भिंतीजवळ उभी असताना मला काय दिसलं तेही सांगितलं. तो टाकीच्या कठड्याला टेकून ऐकत राहिला.

"मला खरंच सुचलं न्हाई गं," शेवटी तो म्हणाला. "तो आन् मी एका ताटात जेवतो. त्याच्यात असलं काय असंल, हे डोक्यातच आलं न्हाई." मग म्हणाला, "न्हाई जात मी सांगलीला. तुझं बरोबर हाय. पण तू जा. तुझी थाळी का बुडवायची?"

तो खोटं बोलत नव्हता. त्याचे डोळे भरले होते, आणि तरी तो मनापासून म्हणत होता. त्या क्षणी माझा राग कुठं गेला कोण जाणे. उरली ती नुसती पंचाईत. शब्द मागे घ्यायचा होता आणि तो कसा घ्यायचा ते मला येत नव्हतं.

पंचाईत सोडवली ती उंब्रजच्या आरोग्यमंत्र्यानं. मुख्यमंत्र्यानं तातडीची बैठक बोलावली होती. सगळे गंभीर चेहरे करून ओंडक्यांवर बसलो होतो. ती तिच्या नेहमीच्या दुकानी आवाजात म्हणाली, "मला एक सांगा. ही दोघं सांगलीला गेली न्हाईत, तर त्यानं संडास धुतलं जाणार हायत का?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. मग मुख्यमंत्री हसला, आणि मग मलाच हसू आवरेना.

"न्हाई ना?" ती पुढे म्हणाली. "मग ही कसली शिक्षा? काम बुडलंय, तर काम भरून काढायचं. परीक्षेपर्यंत प्रत्येक शनिवारी हा धुवंल. शिक्षा तू देणार, तर तू पण धू. आन् मुख्यमंत्र्यानं लपवलं, म्हणून त्यानं पण धुवायचं. सांगली सांगलीच्या जागी."

मी उभी राहिले. "मी शब्द मागं घेते," एवढंच म्हणाले आणि खाली बसले. क्रीडामंत्र्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मलाही हुंदका आला. तो न्यायासाठी होता असं म्हणायला आवडलं असतं, पण खरं म्हणजे तो थाळीसाठी होता.

सांगलीच्या आधीचा शनिवार उजाडला. मुलांना त्या बाजूला यायला बंदी करून आम्ही तिघं कामाला लागलो. क्रीडामंत्र्याला खराटा अजूनही नीट धरता येत नव्हता. तो पाणी असं मारायचा की ते भिंतीवरून परत त्याच्याच अंगावर यायचं. मुख्यमंत्री त्याला शिकवत होता आणि मी दोघांवर ओरडत होते. बऱ्याच दिवसांनी आम्ही तिघं मोकळेपणानं एकत्र होतो, आणि फिनेलचा वास असूनही ती दुपार मला छान वाटत होती.

तेवढ्यात भिंतीच्या टोकाला एक माणूस येऊन उभा राहिला. उंच, कडक इस्त्रीची पँट, बारीक कापलेले केस. क्रीडामंत्र्याच्या हातातली बादली तिथंच राहिली.

"अण्णा," तो कसाबसा म्हणाला.

त्याचे वडील सुट्टीवर आले होते. पोराला सांगलीला घेऊन जायला आले होते, आणि पोरगं पँट दुमडून संडास धूत होतं. शेजारी मी कंबरेवर हात ठेवून त्याला बोलत होते. ह्या शाळेतून माणसं दारातूनच परत जातात हे आम्हाला माहीत होतं. ह्यांच्या मनात आलं असतं तर त्यांनी पोराचं सामान गोळा करायला सांगितलं असतं, आणि सांगली, शाळा, सगळंच तिथं संपलं असतं. प्रवेशाच्या वेळी त्याचे चुलते आले होते. ह्या कामाचं घरी कुणाला कितपत सांगितलं होतं, देव जाणे.

त्यांनी रांगेवरून नजर फिरवली. मग माझ्याकडे पाहिलं.

"इथं परमुख कोण?"

"मी," मी म्हणाले. आवाज अगदीच बारीक निघाला.

"कुणाची गं तू? गाव कंचं?"

हा प्रश्न आमच्याकडे सगळेच विचारतात, आणि तो कशासाठी विचारतात हेही सगळ्यांना ठाऊक असतं. मी गाव सांगितलं, वडिलांचं नाव सांगितलं, आडनाव सांगितलं. आडनावात सगळंच आलं. एरवी मी ते मान वर करून सांगायचे, त्या दिवशीही वरच केली. मुख्यमंत्री खराटा धरून तसाच उभा होता. क्रीडामंत्री वडिलांकडे बघत नव्हता, माझ्याकडे बघत होता.

"बरं," ते म्हणाले. मग ते पुढे आले, पहिल्या संडासात डोकावले आणि मला म्हणाले, "मग ह्याला नीट शिकवलं न्हाईस तू. कोपरं तशीच राहिल्यात. फौजेत असतं तर सुभेदारानं पुन्हा धुवायला लावलं असतं." आणि पोराकडे वळून, "आवर. एसटी गाठायची हाय."

ते फाटकाकडे गेले. आम्ही तिघं एकमेकांकडे बघतही नव्हतो. मग मुख्यमंत्री मटकन खाली बसला, ओल्या फरशीवरच, आणि हसायला लागला. मी भिंतीला टेकले. इतकं हलकं मला आयुष्यात क्वचितच वाटलं असेल. मग आम्ही कोपरे पुन्हा धुतले.

कराडहून सांगलीची एसटी इस्लामपूर, आष्टा करत जायची. खेळाचे सर आणि क्रीडामंत्र्याचे वडील पुढे बसले आणि थोड्याच वेळात दोघांचीही मान डुलायला लागली. आम्ही दोघं मागच्या बाकावर होतो. दोन्ही बाजूंना ऊस, आणि खिडकीतून गार वारं. माझ्या मांडीवर थाळी होती. ती सरांनी निघताना कपाटातून काढून माझ्या हातात दिली होती. मी सांगलीच्या मैदानाचा विचार करत होते. तिथं काय होणार ते अजून कुणालाच माहीत नव्हतं. तो नंतर निवडला गेला आणि मी गेले नाही, पण त्या वेळी आम्हा दोघांना जायला मिळत होतं, तेवढंच पुष्कळ होतं.

आष्टा मागं पडल्यावर तो हळूच म्हणाला, "एक सांगू? अण्णांनी तुला 'कुणाची' म्हणून विचारलं ना, तवा माझं पाय थरथर कापत हुतं. आता हे काय बोलतील, आन् तुला काय वाटंल. शर्यतीच्या आधी पण कापत न्हाईत एवढं."

"मग?" मी म्हणाले.

"मग काय न्हाई. ते लोकांना असं विचारत्यात, हे मी लहानपणापासनं बघतोय. आज पहिल्यांदा ऐकलं."

मी खिडकीकडे तोंड केलं. डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते त्याला दिसू द्यायचं नव्हतं. त्यानं माझ्या मांडीवरची थाळी उचलून स्वतःच्या मांडीवर घेतली, आणि सांगली येईपर्यंत ती त्याच्याकडेच होती.